चार बोटांचं अंतर

मी भिंतीवरचा नकाशा बोलतोय. बोलतोय कसला, कुरकुरतोय. गुंडाळी करून कपाटामागे कोंबल्यावर कोण गोड बोलेल?

मुलगा शाळेत असताना त्याच्यासाठी मला आणलं आणि आईच्या शिलाई मशीनच्या वर डकवलं. त्याने माझ्याकडे फारसं पाहिलं नाही, ते जाऊ दे. पुढे त्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. त्या दिवशी आईने गळ्यातली टेप काढली आणि दोन्ही शहरांमध्ये धरली.

"अहो, चार बोटं तर आहे! एवढ्यात शर्टाची कॉलरसुद्धा बसत नाही."

"दीड हजार किलोमीटर आहे ते," बाबा म्हणाले.

"विमानाने दोन तास," मुलगा हसला. "मनात आलं की येईन, आई."

या दोन तासांनीच घात केला. लांब असता, तर महिनाभर आधी रजा टाकून आला असता. जवळ आहे म्हणून राहिला. विमान हवेत असतं तेवढाच वेळ ही माणसं मोजतात. घरातून पाय निघायला किती लागतो, ते कोणी धरतच नाही.

आई मात्र मशीन बंद केलं की रोज माझ्यावरून बोट फिरवायची. "आता बसला विमानात... हा उतरला." आणि त्याच्या शहरावर बोट टेकवून ठेवायची.

मग तिला सुईत दोरा ओवता येईना. काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेलीही फार टिकणार नाही. बाबांनी लगेच फोन लावला.

"आईला तुला एकदा डोळे भरून बघायचंय. ये रे."

"रोज फोनवर बघते की!"

"फोनवर तू वाटाण्याएवढा दिसतोस," आई मागून म्हणाली.

"बरं बाई, हातातलं काम आटपलं की येतो. दोन तासांचा तर प्रश्न आहे."

काम कसलं आटपतंय! तोवर आईने जुन्या मापावरून त्याच्यासाठी एक शर्ट शिवला. त्याची शिवण वेडीवाकडी गेली. नंतर मशीनवर जे झाकण पडलं ते पडलंच.

आणि मग स्वारी आली, हसतखेळत. "बघ आई, नाश्ता तिकडे केला आणि जेवायला इकडे!"

आई उठली. तोंड दाराकडे नव्हतं, खिडकीकडे होतं.

"जवळ ये. माप घेऊ दे." तिने कपाळ, गाल, हनुवटी चाचपली. "चष्मा लागला होय रे तुला?"

नजर चुकवायला तो माझ्याकडे वळला. त्याच्या शहराच्या जागी भोक पडलं होतं. आईच्या बोटाने पाडलेलं.

"हे फाटलंय पार. आणि आता हिला कुठे दिसणार आहे?" म्हणत त्याने मला ओढलं. मी मधोमध टरकलो. दुसऱ्या दिवशी तो परत गेला, तेवढ्याच दोन तासांत.

पोरा, मला चिकटव म्हणत नाही मी. माझी मेल्याची काय किंमत! पण कधी संध्याकाळचा इथे येऊन बस. आई उघड्या भिंतीवरून बोट फिरवत असते.

"अहो, नकाशा आहे ना इथे?"

"आहे की," बाबा तिचं बोट धरून सरकवतात. "हां, इथेच. उतरला बघ तो."

ती बोट तिथेच टेकवून ठेवते. जन्मभर कापड हाताळलेल्या बाईला कागद आणि भिंत यांतला फरक कळत नाही होय?