सातव्या लेनमधले एकोणीस सेंटिमीटर

आमच्या तलावाच्या उजव्या काठावर पोलादाची एक पट्टी बसवलेली आहे. तिच्यात सात भोकं आहेत आणि लगतच्या दोन भोकांमधलं अंतर तीन सेंटिमीटर आहे. पाचव्या भोकाची कड झिजून गुळगुळीत झाली आहे, कारण चोपन्न वर्षं शर्यतीच्या दिवशी खीळ त्यातच बसत आली आहे. चौथ्या भोकाच्या कडेवर एकच ओरखडा आहे. तो माझ्या हातचा.

आमच्याकडे तलाव एकच. खाण कंपनीने विद्यापीठाला दिलेल्या जागेत दोन मावत नव्हते, म्हणून कोच आर्वो कांगास यांनी १९७१ साली मधोमध सरकती भिंत घालून घेतली. भिंत एकीकडे सरकवली की फळीवरून सूर मारणाऱ्या उड्यावाल्यांना खाली मोकळं पाणी मिळायचं, दुसरीकडे सरकवली की पोहणाऱ्यांना बरोबर पंचवीस यार्ड. ती सगळ्यांनी मिळून हाताने ढकलायची. डावं टोक उड्यावाल्यांचं, उजवं पोहणाऱ्यांचं. ज्यांचं टोक मागे पडेल त्यांनी त्या आठवड्यात सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या स्नानघराच्या, भट्टीसाठी लाकडं फोडायची. भिंत जागेवर आली की दोन्ही टोकांना काठावरच्या पट्टीतल्या भोकांत खिळी घालायच्या, आणि मग कोच पोलादी टेप घेऊन आठही लेन स्वतः मोजणार. ते मान हलवेपर्यंत पाहुण्या संघालाही पाण्यात पाय बुडवायची परवानगी नसे.

या वसंतात आमच्या पोहण्या-उड्यांच्या संघाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी रसायनशास्त्र शिकवते आणि रोज सकाळी तलावाचं पाणी तपासते; तेव्हा जुनी कागदपत्रंही हिच्याकडेच असतील, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. ती होतीही. साठ वर्षांत विभागीय स्पर्धेची एकतीस विजेतेपदं, आणि उड्यांमधली दोन राष्ट्रीय. त्यांतलं एक लॉर्ना बोड्रीचं. ती माझ्याच वर्गातली, आता उड्यावाल्यांची कोच. पुस्तिका सोमवारी छापायला जायची होती.

दाराजवळच्या विक्रमांच्या फळ्यावर एक पाटी बाकी सगळ्यांपेक्षा जुनी आहे. महिला, दोनशे यार्ड ब्रेस्टस्ट्रोक, दोन मिनिटं चौदा पूर्णांक एकतीस शतांश सेकंद, इर्या लेहतो, १९८७. ती मी. गेल्या शनिवारी टेस व्हँडरमोलेन तिच्या शेवटच्या वर्षाची शेवटची शर्यत पोहली. तिची वेळ, दोन मिनिटं चौदा पूर्णांक चाळीस. नऊ शतांश कमी पडले.

तिने घड्याळाकडे पाहिलं, गॉगल कपाळावर चढवला आणि काठाशी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहून हसली.

"प्रोफेसर, त्या दिवशी नाश्त्याला काय खाल्लं होतंत, तेवढं तरी सांगा."

"ओटची पेज," मी म्हटलं.

"नुसती? साखरही नाही?"

"मीठ."

"मग बरोबर. मी साखर घालते," ती म्हणाली आणि पाण्याखाली गेली. बराच वेळ ती वर आली नाही.

पेजेचं खरं होतं. बाकीचं मी सांगितलं नाही.

१९८७च्या त्या फेब्रुवारीत हिमवादळ होतं. पाहुण्या संघाची बस दोन तास उशिरा आली, आणि अंधार पडायच्या आत त्यांना परत निघायचं होतं. आम्ही घाईने भिंत ढकलली. उजव्या टोकाची खीळ मी घातली. शर्यती झाल्यावर उड्यावाल्यांसाठी भिंत मागे घ्यायची, म्हणून खीळ काढायला वाकले, तर ती चौथ्या भोकात होती. म्हणजे भिंत तिरपी होती. डाव्या काठाशी अंतर बरोबर, उजव्या काठाशी तीन सेंटिमीटर कमी. माझी लेन डावीकडून सातवी. एका फेरीला सुमारे दोन पूर्णांक चार सेंटिमीटर कमी, आठ फेऱ्यांना एकोणीस. माझ्या वेगाने चौदा शतांश सेकंद. प्रयोगाच्या वहीत मी हिशेब केला आणि वही मिटली. त्या दिवशी दुसरा कुठलाच विक्रम झाला नव्हता.

सुरुवातीला लाज वाटत होती म्हणून गप्प राहिले. पुढे कोचसाठी. लेन मोजली गेली नव्हती, हे त्यातून उघड झालं असतं, आणि त्या टेपवर त्यांचं सगळं आयुष्य उभं होतं.

रविवारी दुपारी मी आणि लॉर्ना कच्चा मजकूर घेऊन कोचच्या घरी गेलो. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, मीच वाचून दाखवणार होते. छपरावरचा बर्फ वितळून खिडकीसमोर ठिबकत होता. लॉर्नाने गरम पेस्ट्या आणल्या होत्या, मांस आणि बटाटा भरलेल्या, मोठ्या करंजीसारख्या.

"केचप कुठंय?" कोचनी विचारलं.

"ग्रेव्ही आणलीय."

"उड्यावाल्यांना चव नसते. डोक्यावर पडून पडून असं होतं."

"डोक्यावरच पडायचं असतं, कोच. म्हणून तर राष्ट्रीय विजेतेपद मिळालं. पोहणाऱ्यांचं एकही आहे का?"

"इर्या, हिचं पान गाळून टाक."

खाणं झाल्यावर मी वाचायला लागले. ते डोळे मिटून ऐकत होते. मध्येच म्हणायचे, "त्या मुलाचं नाव राहिलं," आणि नाव सांगायचे. साठ वर्षांतलं एकही नाव ते विसरले नव्हते. मलाही फार बरं वाटत होतं. मग ते वाक्य आलं: कोच कांगास यांनी मोजल्याशिवाय या तलावात एकही शर्यत झाली नाही.

"लग्नाच्या दिवशीसुद्धा मोजून आले होते, ते घाल," लॉर्ना म्हणाली. "बायको चर्चच्या दारात उभी."

कोच हसले नाहीत.

"ते वाक्य खोड, पोरी."

"कुठलं?"

"आत्ता वाचलंस ते. एकदा मोजलं नव्हतं. वादळात बस उशिरा आली तेव्हा. टेप खिशात होती, पण त्यांचा ड्रायव्हर सारखा घड्याळ दाखवत होता. म्हटलं, पोरांनी खिळी घातल्यात, असेल बरोबर." त्यांनी बशी जरा पुढे सरकवली. "तू त्याच दिवशी विक्रम केलास. कसं बोलणार मग? तुझ्या आनंदात माती कालवल्यासारखं झालं असतं."

"अडतीस वर्षं?" लॉर्नाने विचारलं.

"मोजतंय कोण, तू का मी?" ते तिच्यावर खेकसले, पण आवाजात जोर नव्हता.

मी पेन्सिलीने ते वाक्य खोडलं. रेघ सरळ आली. फळ्यावरच्या माझ्या पाटीचे चार स्क्रू मला आठवले. त्यांना साधा पेचकस चालतो.

"कोच, खीळ चौथ्या भोकात होती," मी म्हटलं. "मीच घातली होती. त्यात मला चौदा शतांश मिळाले, टेसला नऊच कमी पडले. उद्या सकाळी माझी पाटी उतरवते, आणि तिथे टेसचं नाव लावू."