पंधरा मिनिटं पुढे

त्यांच्या गाडीतलं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे असायचं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात नवऱ्याने ते तसं लावलं होतं, कारण बायकोचा पाय घरातून लवकर निघत नसे. "एक जगाची वेळ, एक गाडीची वेळ आणि एक आमच्या बाईसाहेबांची वेळ," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. खरं तर तीन वर्षांत त्या घड्याळाने कुणालाच फसवलं नव्हतं. गाडीत बसलं की दोघांच्याही डोक्यात पंधराची वजाबाकी आपसूक होऊन जायची, अंधारात जिन्याच्या पायऱ्या पायाला कळाव्यात तशी.

ती वजाबाकी रविवारी दुपारी तिला नकोशी झाली.

ठकीला ताप होता. ठकी म्हणजे त्यांची दहा महिन्यांची लेक. पाळण्यातलं नाव वेगळं होतं, पण लाकडी बाहुलीसारखे डोळे मोठे आणि मान ताठ, म्हणून हेच चिकटलं. सकाळपासून पोर ना खांद्यावर राहत होती ना गादीवर. शेवटी तिने लेकीला खाली नेलं, गाडीत मागच्या छोट्या खुर्चीत बांधलं आणि इमारतीभोवती फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला ठकीची मान कलली. इमारतीखालच्या खांबांमध्ये आपल्या जागेवर तिने गाडी उभी केली. इंजिन बंद केलं की पोर जागी होणार, म्हणून ते चालूच ठेवलं.

खाली अंधुक होतं, त्यामुळे पुढचे दिवे आपोआप लागले आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून सगळा उजेड परतून ठकीच्या तोंडावर आला. तिने स्टिअरिंगजवळच्या दांडीचं टोक फिरवलं, 'ऑटो'वरून 'बंद'वर. गाडी घेतल्यापासून ते टोक 'ऑटो'वरच होतं. नवऱ्याने त्याला कधी बोट लावलं नव्हतं. मग रेडिओवर जाहिरातवाला ओरडायला लागला, म्हणून तिने आवाज शून्यावर नेला. आणि मग मांडीवर वही घेऊन ती औषधाच्या वेळा जुळवायला बसली. वहीतल्या काही वेळा मोबाइल बघून लिहिलेल्या होत्या, तर काही सकाळी डॉक्टरांकडून परतताना गाडीत, गाडीच्या घड्याळावरून. कुठल्या कुठल्या हे आता तिला आठवेना. सहा तासांच्या आत दुसरा डोस द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. या घड्याळाच्या थट्टेपायी कधीतरी आपण पोरीला नको ते करून बसू, असं तिच्या मनात आलं. तिने कप्प्यातून गाडीचं पुस्तक काढलं, पान शोधलं, बटण दाबून धरलं आणि घड्याळ मोबाइलशी जुळवून टाकलं.

वर जाताना दिवे आणि आवाज पूर्ववत करायचे, घड्याळाचं नवऱ्याला सांगायचं, असं तिने ठरवलंही होतं. पण ठकी उठली ती उलटी करतच. तिने पोर उचलली, एका हाताने किल्ली काढली आणि धावत वर गेली.

संध्याकाळी औषधाची बाटली तिच्याच हातून सांडली.

"दहा मिनिटांत आणतो," असं म्हणून नवरा खाली गेला. पुढचा त्याचा फोन आला तो पोलीस चौकीतून.

बस डेपोमागच्या रस्त्यावरचे दिव्याचे दोन खांब महिनाभर बंद होते. तिथे चावीवाला सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होता. कोपऱ्यावर लाकडी पेटी मांडून बसणारा म्हातारा. तिच्या पर्समधली घराची जादा किल्ली त्यानेच घासून दिली होती. पहिली नीट बसली नाही तेव्हा त्याने दुसरी दिली होती आणि पैसे विचारल्यावर म्हणाला होता, "माझी चूक तुम्ही का भरायची?" गाडीची धडक बसल्यावर दवाखान्यात पोचायच्या आत तो गेला.

"अचानक आडवा आला गं," नवरा घरी येऊन भिंतीकडे बघत पुन्हापुन्हा म्हणत होता. "लाइट चालू होते. ऑटोवरच असतात ना. समोरचे आकडेबिकडे सगळे लखलखत होते."

समोरचे आकडे पुढचे दिवे बंद असले तरी लखलखतात. हे त्याला माहीत नव्हतं. तिला माहीत होतं, कारण पुस्तक तिने वाचलं होतं.

चार दिवस गेले. ठकीचा ताप उतरला, ठकी पुन्हा पाय झाडत हसायला लागली, पण तिच्या आईचं ताट तसंच उरायचं. रोज सकाळी ती ठरवायची की आज नवऱ्याला सांगायचं, आणि रोज त्याचा चेहरा बघून ती स्वयंपाकघरात निघून जायची. पाचव्या दिवशी गाडी दाखवायला दोघांना पोलिसांच्या आवारात बोलावलं. गाडी दोघंही चालवत होते, म्हणून तिलाही.

"तान्ह्या पोरीला कशाला नेतेस तिथे?" सासूबाई दारात म्हणाल्या. "आणि नेतेसच तर तोंडाला कुलूप घाल. आपण एक बोलतो, ती माणसं चार लिहितात."

आवारात पत्र्याच्या छपराखाली ठोकरलेल्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. त्यांची गाडी शेवटची. पुढच्या बंपरला एवढासा पोचा, एवढाच. शेजारी भिंतीला टेकवून चावीवाल्याची सायकल ठेवली होती, मागे पेटी तशीच बांधलेली. सायकलीपाशी एक मुलगी उभी होती, एकोणीस-वीस वर्षांची, दुकानातल्या नोकरीचा निळा डगला अंगात.

"त्यांची मुलगी," तपास अधिकारी हलक्या आवाजात म्हणाले. "सामान न्यायला आलीय. सही झाली की जाईल." अधिकारी वयस्कर होते, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी गाडीच्या टपावर कागद पसरला. "बसा साहेब आत. किल्ली फिरवा. घाबरू नका, गाडी कुठे जात नाही."

नवरा बसला. किल्ली फिरली, आकडे लखलखले.

"आता दिवे लावून दाखवा."

नवऱ्याचा हात उचलला गेला आणि हवेतच थांबला. मग त्याने वायपर चालू केले. कोरड्या काचेवर रबर करकरलं.

"वायपर नकोत," अधिकारी म्हणाले. दाराशी उभा असलेला शिपाई खोकला.

"मी कधी लावत नाही. आपोआप लागतात."

"दांडीवर काय दिसतंय?"

नवऱ्याने वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. "बंद," तो म्हणाला. "पण हे असं नव्हतं. तुमच्याकडेच कुणीतरी—"

"जागेवर पंचनामा झाला तेव्हाचा फोटो आहे माझ्याकडे. तेव्हाही बंदच होतं." अधिकाऱ्यांनी खिडकीतून हात घालून रेडिओचं बटण दाबलं. पडद्यावर स्टेशनचं नाव आलं, आवाज नाही. "आवाजही शून्यावर." त्यांनी तेही लिहिलं.

नवऱ्याने रेडिओकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम उतरला. ठकीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत ती त्याच्याकडे बघत राहिली. रेडिओत एवढं काय होतं ते तिला कळेना.

"दिव्यांचं राहू द्या बाजूला," अधिकारी म्हणाले. "मला दुसरंच खटकतंय. तुमच्या जबाबात आहे, 'धडक बसली तेव्हा सहा पस्तीस झाले होते, थोडा उजेड होता.' बरोबर?"

"हो. थांबल्या थांबल्या मी घड्याळ बघितलं होतं."

"आणि रुग्णवाहिकेला तुमचा फोन गेला सहा बावन्नला. त्यांच्याकडे नोंद आहे." त्यांनी चष्मा काढला. "मधली सतरा मिनिटं काय करत होतात?"

सायकलीपाशी उभी असलेली मुलगी वळली.

"सतरा कुठली?" नवरा म्हणाला. "मी लगेच केला. उतरलो, त्यांना हाक मारली आणि लगेच केला. दोन मिनिटंसुद्धा नसतील."

"मग सहा पस्तीस कुठून आलं?"

"घड्याळात सहा पन्नास होते. आमचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे असतं, म्हणून मी..."

अधिकाऱ्यांनी मनगट खिडकीत धरलं. चार वाजून दहा. पडद्यावरही चार वाजून दहा.

"बरोबर चालतंय की."

"कसं शक्य आहे," नवरा पुटपुटला. त्याने पडद्यावर बोट ठेवलं, जणू आकडे पुसून खाली खरे निघतील. "तीन वर्षं पुढे आहे ते. हिला विचारा."

"साहेब, आज सांगताय हे. जबाबात नव्हतं."

"माझे बाबा सतरा मिनिटं रस्त्यात पडून होते?" मुलीने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. दुकानात गिऱ्हाइकाला भाव सांगावा इतका सपाट होता. "जिवंत होते तेव्हा?"

नवरा स्टिअरिंगला धरून बसला होता आणि त्याच्या मानेवर घामाची रेघ उतरत होती. आपला माणूस खोटारडा नाही, भेकड नाही, हे त्या आवारात तिला एकटीलाच ठाऊक होतं, आणि तीच तोंडाला कुलूप घालून उभी होती.

"घड्याळ मी बरोबर केलं," ती म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"रविवारी दुपारी. पोरीच्या औषधाच्या वेळा चुकत होत्या म्हणून. याला सांगायचं राहून गेलं. याने सवयीने पंधरा मिनिटं कमी केली. घड्याळात सहा पन्नास होते म्हणजे सहा पन्नासच होते. याने दोन मिनिटांत फोन केला."

"तू?" नवरा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर नुसती सुटका होती.

अधिकाऱ्यांनी लगेच लिहिलं नाही. त्यांनी पेनचं टोपण लावलं, काढलं. मग अगदी मऊ आवाजात विचारलं, "आणखी कशाकशाला हात लावला होता, ताई?"

तिला वाटलं, अजूनही थांबता येईल. आवाज कमी केला होता, एवढं सांगावं आणि गप्प व्हावं. ठकीने तिच्या कानातलं धरून ओढलं. सायकलीपाशी मुलगी हलली नव्हती.

"रेडिओचा आवाज," ती म्हणाली. "आणि दिवे. दिवे मी बंद केले होते. पोरीच्या डोळ्यांवर येत होते."

"परत ऑटोवर केले?"

"नाही."

पेन कागदावर चाललं. त्याचा आवाज तिला ऐकू येत होता. नवरा पुढच्या काचेतून छपराच्या पत्र्याकडे बघत होता. तिच्याकडे नाही.

"आणखी एक लिहा," तो म्हणाला. "रेडिओ लागत नव्हता. पडद्यावर नाव येत होतं आणि आवाज येत नव्हता. मी खाली बघत बटणं दाबत होतो. दोन-तीन सेकंद. वर बघितलं तेव्हा... ते अचानक आडवे वगैरे आले नाहीत. ते आधीच रस्त्यात असणार."

हे त्याने तिलाही सांगितलं नव्हतं. चार दिवस एका पलंगावर दोघं पाठीला पाठ लावून आपापलं ओझं उराशी धरून पडले होते.

अधिकाऱ्यांनी सगळं वाचून दाखवलं आणि दोघांच्या सह्या घेतल्या. तिला उगीच वाटलं, ते म्हणतील की बरं झालं बोललात. ते म्हणाले, "दिवे कुणी बंद केले हा तुमच्या घरातला प्रश्न. लागलेत का ते चालवणाऱ्याने बघायचं असतं. गुन्हा यांच्यावरच राहणार. पक्का झाला, एवढंच. सतरा मिनिटांचं मात्र मिटलं."

शिपायाने सायकल सोडवून दिली. मुलगी ती ढकलत त्यांच्यापर्यंत आली. पेटीतल्या चाव्या आतल्या आत वाजत होत्या.

"म्हणजे गाडीला दिवे नव्हते."

"नव्हते," ती म्हणाली.

"गल्लीत सगळे म्हणतात, म्हातारा बघून चालत नव्हता. आईसुद्धा म्हणते. रोज त्यांच्या फोटोला शिव्या घालते, की डोळे कुठे होते तुमचे." मुलीने ठकीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "आईला सांगते, बाबा बघून चालत होते. दिसण्यासारखं काही नव्हतंच." आणि मग तिथेच उभं राहून, घाई न करता म्हणाली, "तुमचं तोंड मला परत दिसायला नको. त्या कोपऱ्यावरून जाऊ नका."

ती मान हलवून हो म्हणाली.

परतताना टॅक्सी केली. मागचं दार उघडून ती ठकीला घेऊन सरकून बसली, नवऱ्याला जागा केली. तो पुढे, चालकाशेजारी जाऊन बसला. तीन वर्षांत तो कधी तसा बसला नव्हता.

"घरी काही बोलू नकोस," थोड्या वेळाने तो काचेकडे बघूनच म्हणाला. "आईला मी सांगेन."

"काय सांगशील?"

दिवस कलत होता. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे एकेक करून लागत होते, आणि प्रत्येक गाडीकडे तो मान वळवून बघत होता, मागे जाईपर्यंत. ठकी तिच्या मांडीवर कलंडली, डोळे मिटायला लागली.

चालकाने आरशातून मागे पाहिलं. "झोपतंय वाटतं बाळ," तो म्हणाला आणि रेडिओकडे हात नेला. "करतो जरा बारीक."

"नको," ती म्हणाली. "राहू द्या. कशाला हात लावू नका."

चालकाने खांदे उडवले. रेडिओ मोठ्याने वाजत राहिला. ठकी दचकून उठली, रडायला लागली, आणि घर येईपर्यंत रडत राहिली. तिने लेकीला थोपटलं नाही. पुढे बसलेल्याने मागे वळून पाहिलं नाही.