गरब्याचा क्लास आणि माझं तोंड

"वन्सं, नुसता क्लास बघून या हं. भांडू नका," असं म्हणून अवंती, माझी भावजय, ऑफिसला पळाली.

आता सांगा, मी काय भांडखोर आहे? खंडेराव मार्केटात सडकी वांगी हळूच पिशवीत सरकवणाऱ्याला दोन शब्द सुनावले, तर ते भांडण झालं का? पण आमच्या घरात सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय, की सरोजिनीच्या नाकावर राग. अरे, मग पाठवता कशाला मला? माझ्या भावाला, अनुजला, कंपनीतून वेळ नाही, अवंतीला ऑफिसातून वेळ नाही, आणि माझी शाळा सकाळची म्हणून दुपारी मी रिकामी. पोरगी त्यांची, क्लास शोधायचा आत्यानं. वर तोंडही बंद ठेवायचं!

पोरगी म्हणजे शर्वरी. सहा वर्षांची. दात घासताना नाचते, कुकरची शिट्टी झाली तरी नाचते. मागच्या नवरात्रात आमच्या निजामपुऱ्यातल्या सोसायटीत पोरांच्या गरब्याच्या गोलात शिरली, तर पावलं चुकतात म्हणून मोठ्या मुलींनी तिला दंड धरून बाहेर काढलं. नंतर सगळे दिवस पोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पाय हलवत राहिली. आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. यंदा तिला त्या गोलात नाचायचंय. एवढंच. चंद्र मागितला नाही तिनं.

पहिला क्लास बघितला तो भरतनाट्यमचा, कारण अनुजला वाटत होतं की पाया पक्का हवा. बाईंचा बंगला झकास, झोपाळा पितळी कड्यांचा. बाईंनी शर्वरीचे गुडघे दाबून पाहिले, पाठ दाबून पाहिली. म्हैस विकत घेताना बघतात ना, तस्सं. मग मला म्हणाल्या, "एक अट आहे. माझ्याकडे शिकेल तोवर गरबा बंद. गरब्यानं अंगाला वाईट वळण लागतं."

"बडोद्यात राहून गरबा बंद?" मी म्हटलं. "आणि नवरात्रात पोरीनं काय करायचं? दारं लावून बसायचं?"

"मग तिथेच जा ना, जिथे सगळे जातात," बाई म्हणाल्या आणि झोपाळ्याला एक झोका दिला.

मी पण दिला एक झोका! म्हटलं, "बाई, ज्या गरब्यात अख्खं गाव नाचतं, त्याला वाईट वळण म्हणता? तुमच्या जिभेला कोणी लावलं हे वळण?" आणि शर्वरीचा हात धरून निघाले.

आता ह्यात माझं काय चुकलं? अवंतीसुद्धा म्हणाली, "बरं झालं."

दुसरा क्लास एका शॉपिंग सेंटरमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. भिंतभर आरसे, एसी गारठवून टाकणारा, आणि शिकवणारा उलटी टोपी घातलेला एक पोरगा. शर्वरीएवढ्या मुली आरशासमोर कंबर उडवत होत्या आणि हा ओरडत होता, "बेबी, डोळा मार! ॲटिट्यूड दे!" सहा वर्षांच्या मुलीनं डोळा कोणाला मारायचा रे, मुडद्या? आया मागे बसून मोबाइलवर शूटिंग करत होत्या, एकीलाही काही वाटेना. मी उभी राहिले आणि माझ्या वर्गातल्या आवाजात विचारलं, "तुझ्या घरी लहान बहीण आहे का? तिला शिकवलंस का हे?" गाणं बंद झालं. लिफ्टची वाटसुद्धा न बघता आम्ही जिना उतरलो.

शर्वरी उतरताना म्हणाली, "आत्या, तिथले आरसे छान होते."

"आरसे घरी आहेत," मी म्हटलं.

तिसरा क्लास मालविकाबेनचा. नवरात्र दोन महिन्यांवर आलं की बडोद्यात गल्लोगल्ली गरब्याचे क्लास निघतात, त्यातलाच हा, एका सोसायटीच्या हॉलमध्ये, पहिल्या मजल्यावर. बाई गोलमटोल, साधा पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला खोचलेली. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हटलं, चला, इथं तरी माणसं आहेत. मुली गोल उभ्या राहिल्या, ढोल सुरू झाला, आणि शर्वरीनं काय करावं? डावीकडच्या मुलीचा हात धरला, उजवीकडच्या मुलीचा धरला, आणि लागली फेर धरायला!

कपाळ माझं! भोंडला! मीच शिकवला होता तिला. आश्विनात आमच्याकडे पाटावर हत्ती काढतो आणि भोवती हात धरून फिरतो, तस्सं ती फिरली. गरब्यात कोणी हात धरत नाही, टाळ्या द्यायला हात मोकळे लागतात. ह्या पोरीनं दोघींचे हात गच्च पकडलेले. एक मुलगी ओढली गेली, दुसरी तिच्यावर आदळली, मागच्या दोघी धपकन बसल्या. सगळा हॉल फिदीफिदी हसायला लागला.

मालविकाबेनही हसल्या. "अरे, आ तो हाथ पकडे छे! मराठी छे ने?" म्हणाल्या आणि शर्वरीकडे जाऊन तिचा हात धरला.

झालं. मला मागच्या वर्षीचा तो धरलेला दंड दिसला, ती प्लास्टिकची खुर्ची दिसली. आता हीसुद्धा पोरीला बाजूला काढणार! माझं डोकंच फिरलं. मी गोलाच्या मधोमध जाऊन उभी राहिले. "मराठी छे एटले शुं? मराठी म्हणजे काय?" मी ओरडले. "चार पिढ्या ह्या गावात काढल्या आम्ही! हे गाव तुमचं आणि आम्ही काय पाहुणे? लहान पोरीला हसता? लाज नाही वाटत?" आणखी बरंच बोलले. ढोल वाजवणाऱ्यानं हात थांबवला. मालविकाबेन "बेन, सांभळो तो खरा, ऐका तरी" म्हणत होत्या, पण मी ऐकते कसली! शर्वरीला त्यांच्या हातातून ओढलं, चपला हातात घेतल्या आणि खाली.

घरी आल्यावर कुकर लावला. शिट्टी झाली. शर्वरी कोचावर बसून राहिली. दुसरी शिट्टी झाली, तरी पाय हलेना. मी गॅस बारीक करून बाहेर आले.

"काय ग? त्या बाईचं मनावर घेऊ नकोस. आपण चौथा क्लास बघू."

"मला चौथा नको."

"अग, असं काय करतेस?"

"तू तिथंपण ओरडशील." ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. "क्लासच्या ताई मला बाहेर नव्हत्या काढत. त्यांनी माझा हात धरला आणि दुसरा हात त्या मुलीला दिला. त्या माझ्यासारखंच हात धरून फिरणार होत्या. तू आलीस मधे."

मी म्हटलं, "त्या हसल्या तुला."

"मीपण हसत होते," शर्वरी म्हणाली.

संध्याकाळी अवंतीनं सगळं ऐकून घेतलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं. ती एवढंच म्हणाली, "वन्सं, चोर सोडून संन्याशाला सुळी दिलीत." मग माझ्यासमोरच मालविकाबेनना फोन लावून माफी मागितली. माझ्या वतीनं! माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान बाई! मला इतका संताप आला म्हणून सांगू, पण तो कोणावर काढायचा तेच कळेना. मालविकाबेन म्हणे म्हणाल्या, मोकलो ने छोकरीने, पाठवा मुलीला. त्यांच्या मनात काहीच नव्हतं. त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी न्यायचं कोणी? पुन्हा मीच. पण शर्वरीनं अट घातली, "तू वर नाही यायचं." मी तिला जिन्याशी सोडलं आणि ॲक्टिवा कोपऱ्यावर, पानाच्या गल्ल्यापाशी, म्हणजे टपरीपाशी लावून हेल्मेट न काढता बसले. वरून ढोल ऐकू येत होता, टाळ्या ऐकू येत होत्या. मधेच टाळ्या थांबल्या आणि पोरींचा कल्ला उठला. माझा पाय जिन्याकडे वळत होता. दातांत जीभ धरून बसले.

सुटल्यावर शर्वरी जिन्यावरून उड्या मारतच खाली आली. "आत्या, शेवटी आम्ही हात धरून फिरलो! मी सगळ्यांना शिकवलं! ताईंनापण!"

"हो का ग? शाब्बास माझी बाय ती!"

ती मागे बसली. दोन्ही हातांनी माझी कंबर घट्ट धरली आणि हेल्मेटजवळ तोंड आणून म्हणाली, "ताईंनी विचारलं, कालच्या रागावणाऱ्या बेन तुझ्या कोण?"

"मग?"

"मी सांगितलं, कोणी नाहीत. शेजारच्या आहेत." मग तिनं विचारलं, "बरोबर सांगितलं ना?"

"बरोबर सांगितलंस," मी म्हटलं, आणि मालविकाबेन खिडकीत यायच्या आत गाडी सुरू केली.