तीन रंगांची एक रेघ

भिंगकाकांनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं, आणि ते पत्रही जेमतेम पाच ओळींचं होतं. मेहुण्याचं. तो नाटकांना, मेळाव्यांना दिवे भाड्याने द्यायचा. त्याने लिहिलं होतं, "भावोजी, तुम्ही म्हणता तसा साबणाच्या डब्याएवढा रंगीत लेसर प्रोजेक्टर खरंच होईल का? मोकळ्या पटांगणात, पाचशे माणसांना पडद्यावर दिसला पाहिजे. जमत असेल तर हो म्हणा, नसेल तर नाही म्हणा. वाट बघतो."

वाट बघायला लावण्यात भिंगकाकांचा हात धरणारा कोणी नव्हता. मेहुण्याने वर्षभर कळ काढली, मग तयार मशीन विकत घेतलं आणि बहिणीच्या घरी येणं बंद केलं. "दोन अक्षरं लिहायला जड जातात, तिथं मी कशाला तोंड दाखवू?" एवढं तिला फोनवर सुनावलं, त्यानंतर फोनही नाही. याला आता तीन वर्षं होत आली होती.

तीस वर्षं सूक्ष्मदर्शक दुरुस्त करणारा हा गृहस्थ मेहुण्याच्या मशीनबद्दल मात्र भरभरून बोलायचा. "रेघ म्हणे! ओल्या फडक्याचा फराटा आहे तो. दांडगे डायोड घालायचे आणि जाड्याभरड्या झोताला लेसर म्हणायचं! माझे डायोड सिंगल-मोड, एकाच बारीक झोताचे. झोत कसा, सुईसारखा."

"सुईत दोरा ओवून झाला की सांगा," काकू शिलाई मशीनवरून मान न उचलता म्हणायच्या. त्या पुढच्या खोलीत कपडे शिवायच्या, काका मागच्या खोलीत.

दोरा काही ओवला जात नव्हता. लाल, हिरवा, निळा असे तीन डायोड, प्रत्येकापुढे मसुराएवढं भिंग आणि एक रंग आरपार सोडून दुसरा वळवणाऱ्या दोन काचा. तिन्ही झोत एकावर एक बसले की पांढरा. मग दोन चिमुकले थरथरते आरसे त्या पांढऱ्या ठिपक्याची भिंतीवर रेघ ओढणार. कागदावर सगळं सोपं होतं. काकांचं आयुष्य कागदावरच झकास चालायचं. करंट किंचित जास्त देऊन त्यांनी आठ लाल डायोड मारले. असा डायोड मेला तरी मिणमिणत राहतो, पण झोत म्हणून त्याचा उपयोग शून्य.

"म्हणजे उजेड आहे, पण पडत नाही," काकू म्हणाल्या. "घरात एक होताच की तसा."

एका दुपारी भिंतीवर पांढरीशुभ्र रेघ उमटली. काकांनी झाकण बसवलं, हात चोळले, काकूंना हाक मारली. काकू तोंडातल्या टाचण्या काढून येईपर्यंत वीस मिनिटं गेली. रेघेच्या खालून लाल कड बाहेर डोकावत होती, साडीखालून दिसणाऱ्या परकरासारखी.

"हे असंच होतं," काका पडेल आवाजात म्हणाले. "झाकण उघडं असलं की जुळतं, लावलं की सरकतं."

"आत गरम होतं?"

"होणारच. धातू फुगतो, काच हलते."

"आणि तुम्ही जुळवता थंड असताना? झाकण उघडं टाकून?"

"झोत दिसले पाहिजेत ना मला!"

काकूंनी कपाळाला हात लावला. "अहो, कोरं कापड आधी पाण्यातून काढतात, मग कात्री लावतात. आटायचं ते आधीच आटू दे. चार वर्षं तुम्ही कोरं कापड शिवताय! झाकणाला भोकं पाडा, तासभर तापू द्या, मग फिरवा तुमचे स्क्रू."

काकांना हे सुचलं नव्हतं, याची लाज वाटायलाही त्यांना थोडा वेळ लागला. त्यांनी भोकं पाडली. तासभर डबा तापवला. लांब स्क्रूड्रायव्हर आत घालून काचा तसूतसूने फिरवल्या. संध्याकाळपर्यंत रेघ पांढरी ती पांढरीच राहिली. बारीक, ताठ, अगदी केसासारखी.

काकू बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी खिडकीचा पडदा सरकवला. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड आत आला आणि रेघ फिकी पडली.

"हे त्याच्या पटांगणात दिसेल?"

काका चष्मा पुसू लागले.

"मी विचारतेय."

"नाही. एवढ्या बारीक डायोडांचा उजेड तिथवर पुरत नाही."

"कधी कळलं हे?"

"हिशेब केला होता ना... पहिल्याच आठवड्यात."

काकूंचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "त्याने मशीन मागितलंच नव्हतं. हो का नाही, एवढंच विचारलं होतं. तुमच्या एका 'नाही'साठी माझा भाऊ तीन वर्षं दारात आला नाही. आणि तुम्ही इथे बसून त्याच्या रेघेला नावं ठेवत होतात!"

'नाही' लिहिलं की आपण हरलो असं दिसेल, एवढीच काकांना भीती होती. ती तोंडाने सांगण्याइतकी मोठी नव्हती. त्यांनी कागद घेतला. पहिला मसुदा दीड पान झाला, त्यात धातूचं फुगणं होतं, काचांचे कोन होते. काकूंनी तो वाचला आणि टराटरा फाडला.

दुसरा असा झाला: "पटांगणासाठी नाही जमणार. हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, लिहिण्याचं धाडस झालं नाही. तुम्ही घेतलंत ते मशीन तुमच्या कामाला बरोबर आहे. तुमची बहीण वाट बघते आहे."

"रेघ जाड आहे असं कुठे घुसडलं नाहीत ना?"

"नाही."

"दाखवा बरं."

त्यांनी वाचून दाखवलं. मग चप्पल घालून दोघंही कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेली. एकट्या काकांवर काकूंचा भरवसा नव्हता. काकांनी पाकीट पेटीच्या फटीत अर्धं सरकवलं आणि पत्ता पुन्हा वाचायला बाहेर ओढू लागले. काकूंनी त्यांच्या मनगटावर चापट मारली. पाकीट आत पडलं.