बिनकंडक्टरची गाडी

जळगावात रस्त्याच्या मधोमध रूळ टाकून छोटी रेल्वे धावणार ही बातमी आली, त्याच दिवशी लोटनभाऊंनी तिचं बारसं उरकून टाकलं. खेळणं. पेपरवाले लाइट रेल लिहीत, पोरंसोरं लाइट रेल म्हणत, लोटनभाऊ मात्र शेवटपर्यंत ‘खेळणं’च म्हणत राहिले. बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस. जळगाव-एरंडोल-पारोळा-धुळे हा रस्ता त्यांनी इतक्यांदा केला होता, की कुठल्या खड्ड्यात झोपलेला पॅसेंजर जागा होतो हेसुद्धा ते छातीठोक सांगत. असल्या माणसाला खोटेनगर ते एमआयडीसी एवढ्याशा रुळांचं काय कौतुक असणार?

त्यात हे दुखणं घरात शिरलेलं. त्यांची धाकटी मेघा शिरपूरला डिप्लोमा करून नरडाण्याच्या एका कारखान्यात चांगली चिकटली होती. ती नोकरी सोडून तिनं या खेळण्याच्या चालकाची परीक्षा दिली आणि पास झाली. “ड्रायव्हर?” लोटनभाऊ एवढंच म्हणाले आणि ताटावरून उठले. उभा जन्म त्यांनी ड्रायव्हरांबरोबर जेवणाचे डबे उघडले होते आणि उभा जन्म ते ड्रायव्हरांना अडाणी समजत आले होते. गाडी चालवतो तो कंडक्टर, ड्रायव्हर नुसतं चाक फिरवतो, हे त्यांचं ठाम मत. आता घरातच एक निघाली, आणि तीही मुलगी. डेपोतल्या जुन्या मंडळींना पत्ता लागू नये म्हणून त्यांनी संध्याकाळचं टपरीवर जाणंच सोडलं.

मेघानं बापाकडे कधी काही मागितलं नव्हतं. गाडी सुरू व्हायच्या आधी मात्र ती म्हणाली, “आबा, पहिल्या दिवशी सकाळची पहिली फेरी माझी आहे. तुम्ही पुढच्या डब्यात बसा, आणि मी कशी चालवते ते मला खरंखरं सांगा. बाकीच्यांनी वाहवा केली काय न केली काय. तुमच्याइतका रस्ता कुणाला कळतो?”

शेवटचं वाक्य लोटनभाऊंना आवडलं. ते “बघू” म्हणाले, म्हणजे तयार झाले. अट एकच, आणि ती बायकोला, मंजुळाबाईंना. गाडी आपल्या लेकीच्या हातात आहे हे डब्यात कुणाला कळता कामा नये. “समजा काही वेडंवाकडं झालं, तर लोक आपल्या तोंडाकडे बघतील,” ते म्हणाले.  मंजुळाबाईंनी ठेवणीतलं लुगडं काढलं होतं, ते त्या नेसल्या.

एप्रिल महिन्याची सकाळ. आठलाच ऊन मी म्हणत होतं. खोटेनगरच्या स्टेशनवर ही गर्दी उसळलेली, जणू गाडी एकदाच जाणार आणि पुन्हा परत येणार नाही. गाडीला झेंडूच्या माळा आणि पुढच्या काचेवर कुंकवाचं बोट. लोटनभाऊंनी लोकांकडे पाहून नाक मुरडायला सुरुवात केली. एका बाईनं डब्यात शिरताना चपला काढून हातात घेतल्या. एक जण जागा धरायला खिडकीतून रुमाल टाकायला धावला, तर खिडकीला नुसतीच काच. रुमाल काचेवर आपटून खाली पडला आणि गडी खिडकी कुठून उघडते ते चाचपत बसला. “ही असली माणसं, आणि ही असली गाडी,” लोटनभाऊ मंजुळाबाईंना म्हणाले. “शोभतात एकमेकांना.”

पुढच्या डब्यात दोघांना जागा मिळाली. समोर चालकाच्या खोलीचं बंद दार होतं. शेजारी केळीची फणी मांडीवर घेतलेला एक शेतकरी येऊन उभा राहिला.

“भाऊ, आठे बठू का?”

“बठ ना. आठे काय रिझर्वेशन शे!”

तो जीवराम, पाळधीकडचा. पलीकडे कापडाचे व्यापारी प्रेमराजशेठ, पांढऱ्या सफारीत, मोबाइलवर स्वतःचंच चित्र घेत बसलेले. गाडी हलली ती कळलीच नाही. खिडकीतलं झाड मागे सरकलं तेव्हा कळलं.

“भलती गारेगार शे हो,” जीवराम हरखून म्हणाला.

झालं, लोटनभाऊंना निमित्त मिळालं. “गार काय करतो? शवागारपण गार असतं,” ते म्हणाले. आणि मग त्यांनी गाडीची सालटी काढायला घेतली. बसायला जागा किती, तर चिमूटभर, आणि लोंबकळायला कड्या किती, तर ढीगभर. म्हणजे माणसं बसवायची नाहीत, टांगायची. वरून ती स्टेशनाची नावं सांगणारी बाई: “पुढील स्थानक, शिवकॉलनी.” अगं, स्थानक कोण म्हणतं? म्हातारा माणूस झोपला असेल तर त्याला हलवून कोण उठवणार? पोरगं मागे राहिलं तर गाडी कोण थांबवणार? “कंडक्टर नही, बेल नही, आशी कोठे गाडी ऱ्हास का?” त्यांनी जीवरामला विचारलं, आणि अख्ख्या डब्यानं ऐकावं अशा आवाजात.

डबा हसला. प्रेमराजशेठनी विचारलं, “तुम्ही एसटीतले का?”

“बत्तीस वर्षं.”

“मग बरोबर. तज्ज्ञ माणूस आहे,” शेठनी जाहीर केलं. लोटनभाऊ ताठ बसले. निवृत्तीनंतरच्या सहा वर्षांत एवढ्या माणसांनी तोंडाकडे बघत त्यांचं ऐकलं नव्हतं. प्रत्येक टोमण्याला हशा येत होता आणि हशागणिक पुढचा टोमणा जास्त कडू होत होता. मंजुळाबाईंनी एकदा हळूच म्हटलं, “तुम्ही चूप बठा बरं.” त्यांनी ऐकलं नाही.

आकाशवाणी चौकात लोक चढायचे संपेनात. दारं उघडीच. एक मिनिट झालं, दोन झाली. लोटनभाऊंचा जीव खालीवर होऊ लागला. एवढा वेळ त्यांची गाडी कुठल्याच थांब्यावर उभी राहिली नसती. ते उठून दारापाशी गेले. दाराशेजारी एक लाल बटण होतं, खाली बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं. चष्मा खिशात होता, पण बत्तीस वर्षांच्या हाताला चष्मा लागत नाही. त्यांनी ते बटण दोनदा दाबलं. दोन घंट्या म्हणजे चला.

जरा वेळानं बटणावर हिरवा दिवा लागला आणि भिंतीतल्या जाळीतून आवाज आला, “चालक बोलतेय. काय अडचण आहे?”

मेघाचा आवाज. लोटनभाऊ जागच्या जागी खिळले.

“बाई चालाई राहिनी का गाडी?” जीवराम म्हणाला. डब्यात कुजबुज सुरू झाली. कुणी दात काढले, कुणी पोरांना जवळ ओढलं.

“पुढचा डबा, काय अडचण आहे?” आवाजानं पुन्हा विचारलं.

सगळे बघत होते. लोटनभाऊंनी घसा खाकरला आणि डेपोतल्या जुन्या तोऱ्यात ओरडले, “अडचण काही नाही! गाडी हलवा!”

 मग ती म्हणाली, “हो. हलवते.” दारं मिटली, गाडी निघाली. दिवा तसाच राहिला. लोटनभाऊ जागेवर येऊन बसले तेव्हा त्यांचे कान तापले होते. मंजुळाबाई त्यांच्याकडे बघत होत्या, म्हणून ते खिडकीकडे बघू लागले.

इच्छादेवी चौकाच्या अलीकडे ते घडलं. एक रिक्षा रुळांवर आडवी घुसली. गाडीनं एकदम करकचून ब्रेक धरला. उभी असलेली माणसं एकमेकांवर आदळली, जीवरामची केळी खाली गेली, प्रेमराजशेठचा मोबाइल बाकाखाली. पुढच्या काचेपासून हातभर अंतरावरून रिक्षा निसटली. रिक्षात शाळेचे गणवेश होते, तीन की चार.

लोटनभाऊंनी ते खिडकीतून पाहिलं. आणि त्यांना जे कळलं ते त्या डब्यात दुसऱ्या कुणाला कळणं शक्य नव्हतं. निमिषभर उशीर झाला असता तर रिक्षाचा चुराडा होता, जरा जास्त जोर झाला असता तर डब्यातली म्हातारी माणसं काचेवर होती. त्या मधल्या जागेत ब्रेक लागला होता. इतका नेमका ब्रेक त्यांनी बत्तीस वर्षांत दोनदा, फार तर तीनदा पाहिला होता, आणि तोही तीस-तीस वर्षं मुरलेल्या ड्रायव्हरांचा. 

“बाईच्या हातात दिल्यावर दुसरं काय होणार!” प्रेमराजशेठ बाकाखालून मोबाइल काढत कडाडले. “कंबरडं मोडलं असतं माझं. स्वयंपाकघर सोडून आल्या गाड्या चालवायला!” दोघं-तिघं माना हलवू लागले. शेठ लोटनभाऊंकडे वळले. “तुम्ही सांगा भाऊ. तुमचं आयुष्य गेलं यात. बरोबर होता हा ब्रेक?”

 सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर. आतापर्यंत जे हसले होते तेच हे लोक, आणि आताही त्यांना तसंच काहीतरी हवं होतं. खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं.

“हात कच्चा आहे,” लोटनभाऊ म्हणाले.

“बघा!” शेठ म्हणाले.

“तिनी काय वाईट करं?” मंजुळाबाई एकाएकी कडाडल्या. सकाळपासूनचं सगळं त्यांच्या तोंडी आलं. “रिक्सामा पोरं व्हतात, ती वाचनीत ना? तुमले दखावनं नही का?”

प्रेमराजशेठ चमकले. त्यांनी मंजुळाबाईंकडे पाहिलं, मग लोटनभाऊंना विचारलं, “तुमच्या नात्यातली आहे का ही पोरगी?”

मंजुळाबाईंनी नवऱ्याचं मनगट धरलं.

“छे हो,” लोटनभाऊ म्हणाले, आणि वर हसलेसुद्धा. “आमची कुठली? आम्ही आपले गंमत बघायला आलोय.”

मंजुळाबाईंनी मनगट सोडलं. मग लोटनभाऊंचं लक्ष दाराकडे गेलं. तो हिरवा दिवा अजून जळत होता. एव्हाना त्यांनी चष्मा लावला होता, आणि बटणाखालची अक्षरं आता नीट वाचता येत होती: चालकाशी बोला. दिवा असेपर्यंत चालकाला ऐकू येते. बोलून झाल्यावर बटण पुन्हा दाबा.

अजिंठा चौफुली आली, गेली.  शेठनी दोनदा डिवचून पाहिलं, लोटनभाऊ त्या दिव्याकडे बघत बसले.

एमआयडीसी हे शेवटचं स्टेशन. या गाडीला फिरवावं लागत नाही. दोन्ही टोकांना चालकाची खोली असते, चालकानं डब्यांमधून चालत दुसऱ्या टोकाला जायचं, एवढंच. दार उघडून मेघा बाहेर आली. निळा गणवेश, हातात किल्ली, केस घट्ट बांधलेले. चेहऱ्यावर राग नव्हता. लोटनभाऊंना राग चालला असता. ती आधी दारापाशी गेली आणि बोटानं बटण दाबून तिनं दिवा बंद केला.

मग ती मंजुळाबाईंसमोर थांबली. “आई, तू चल माझ्याबरोबर. त्या टोकाला पुढची जागा मिळेल, छान दिसतं.”

लोटनभाऊ अर्धवट उठले. मेघानं त्यांच्याकडे पाहिलं. दिवसभरात चढणाऱ्या-उतरणाऱ्या हजार माणसांकडे ती जशी बघणार होती, तशीच.

“काका, शेवटचं स्टेशन आहे,” ती अदबीनं म्हणाली. “उतरून घ्या.”

मंजुळाबाई पदर सावरून तिच्या मागोमाग निघाल्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. प्रेमराजशेठनी एकदा मायलेकींकडे पाहिलं, एकदा लोटनभाऊंकडे, आणि मोबाइल खिशात घालून उतरले. मघाशी ज्याला तज्ज्ञ म्हणून मिरवलं त्याच्या शेजारी उभं राहायलाही आता त्यांना नको होतं. जीवराम केळी गोळा करत होता. तो मान वर न करता म्हणाला, “सोतानी पोरले कोनी नही म्हनस का, भाऊ?” आणि फणी उचलून चालता झाला.

लोटनभाऊ फलाटावर उतरले. ऊन अंगावर आलं. नवी माणसं धक्के देत आत शिरली, दारं मिटली, आणि गाडी आवाज न करता त्या टोकाकडून निघून गेली. पुढच्या काचेत मंजुळाबाईंचं लुगडं दिसलं असं त्यांना वाटलं, पण ते दुसऱ्या कुणाचंही असेल.

गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी उतरलेल्या प्रत्येकाला गाठून टॅबवर काहीतरी टिपत होती. ती त्यांच्यासमोर आली. “पहिला प्रवास कसा वाटला? स्वच्छता? थंडावा? चालकाचं कौशल्य?”

लोटनभाऊंना वाटलं, हिला तरी सांगावं. कुठेतरी लिहिलं जाईल, कुणीतरी वाचेल, कदाचित तिच्यापर्यंत जाईल.  “चालवणारी माझी मुलगी आहे,” ते म्हणाले. “सख्खी. मेघा नाव. तिचा हात फार चांगला आहे. इतका चांगला ब्रेक मी...”

“ते राहू द्या काका,” मुलगी टॅबवरून नजर न काढता म्हणाली. “पाचपैकी किती?”