‘झालं’ म्हटल्यानंतरचे चेहरे

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. नागपूरच्या प्रताप नगरातल्या एका फोटो स्टुडिओच्या कपाटात, प्लॅस्टिकच्या फुलांमागे माझा मुक्काम असतो. भिंगाला बुरशी लागली आहे, पट्टा तुटला आहे. तरी माझं ऐकून घ्या. मी जे पाहिलं ते तुम्हाला कुठल्याही अल्बममध्ये सापडणार नाही.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. स्टुडिओचे मालक गौरांगभाऊ यांनी मला विकत आणलं, हार घालून पूजा केली आणि दुसऱ्याच दिवशी लग्नांना जुंपलं. नवरीच्या गालांवर आणि पंगतीतल्या जिलेबीवर मी सारख्याच इमानाने नजर ठेवली. आमच्या स्टुडिओत एक रीत होती: फोटोतला प्रत्येक माणूस गोरा झालाच पाहिजे. भाऊ कॉम्प्युटरवर काहीतरी सरकवत आणि सगळं वऱ्हाड पिठात लोळून आल्यासारखं दिसे. मी टिपलेले रंग असे धुतले जाताना मला संताप यायचा. पण कॅमेऱ्याला विचारतो कोण?

मग रोशनी कामाला आली. कुहीजवळच्या खेड्यातली मुलगी, बायकांकडचे फोटो काढायला ठेवलेली. कन्हानच्या एका लग्नात तिने नवरीच्या मावश्यांना ओळीत उभं केलं, फोटो काढला आणि म्हणाली, "झालं!" त्याबरोबर त्या सगळ्या सैल पडल्या. एकीने पदराने मान पुसली. एकीने दुखऱ्या पायावरचा भार काढला. एकीचे नवरीकडे बघता बघता डोळे भरून आले. रोशनीने तेव्हाच पुन्हा बटण दाबलं.

माझ्या पडद्यावर तो फोटो ती कितीतरी वेळ बघत राहिली. तेव्हापासून तिची पद्धतच झाली: आधी ‘झालं’ म्हणायचं, मग खरा फोटो काढायचा. मित्रांनो, पोटी आनंद मावेना म्हणतात ना, तसं मला झालं होतं. इतकी वर्षं मी नुसता बघत होतो; आता मला दिसायला लागलं.

गौरांगभाऊंना ते रुचलं नाही. "काय काढून राहिली तू रोशनी? या बाईचं तोंड तं काळं दिसून राहिलं."

"काळंच हाय तिचं तोंड, भाऊ," रोशनी म्हणाली. "पाहा ना, किती चांगलं हाय."

सुट्टीत ती मला गावी घेऊन गेली. तिची आई भीमाबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. कॅमेरा पाहताच ती ताठ बसली. रोशनी म्हणाली, "झालं, माय!" आणि भीमाबाई हसली. उन्हात रापलेला काळा चेहरा, कपाळावर आठ्या, पुढचे दोन दात गायब, आणि डोळ्यांत नुसतं कौतुक. त्या एका फोटोसाठी मी कारखान्यातून निघालो असेन, असं मला वाटलं.

पण चांगल्या गोष्टीला गिऱ्हाईक लागलं की तिचं मातेरं व्हायला वेळ लागत नाही. एका नवरीला ते फोटो आवडले, तिच्या मैत्रिणींना हवेसे झाले, आणि भाऊंनी त्याची जाहिरात केली. आता मावश्याच ओरडू लागल्या, "झालं म्हणा ना वं ताई, आमी तयार हावो!" ‘झालं’ म्हणताच त्या कोरडे डोळे टिपत. सुरुवातीला रोशनीचं बोट अडखळायचं. पुढे ते अडखळेनासं झालं. तिचं नाव झालं, तिला नवा कॅमेरा मिळाला आणि मी कॉम्प्युटरशेजारी कागद दाबून बसलो.

तिथूनच मी ते पाहिलं. भाऊंनी तिच्या फोटोंचं प्रदर्शन ठरवलं होतं आणि फोटो तिलाच तयार करायचे होते. भीमाबाईचा फोटो पडद्यावर आला. रोशनीचा हात सवयीने सरकला. चेहरा उजळला. आठ्या गेल्या. दातांच्या जागी दात आले. तिला हे कुणीही सांगितलं नव्हतं, मित्रांनो! मला ओरडावंसं वाटलं, पण मला तोंड नाही.

प्रदर्शनात मलाही शोभेला एका टेबलावर मांडलं होतं. भीमाबाई पांढरं पातळ नेसून गावाहून आली. फोटो बघत बघत एका बाईच्या फोटोपाशी थांबली.

"ही कोन वं रोशनी? मोठ्या घरची दिसून राहिली."

रोशनीचा चेहरा उतरला. "माय, तूच हायेस ना ते."

भीमाबाईने जवळ जाऊन पाहिलं. मग पदर तोंडाला लावला, पडलेल्या दातांची जागा झाकायला.

"असू दे," ती हळूच म्हणाली. "तुले मी अशी पाहिजे व्हती, तं मले काहून नाही सांगितलं?"

लोक टाळ्या वाजवत होते.

मित्रांनो, मला पुसू नका, माझी बुरशी राहू द्या. पण तुम्ही आपल्या आईचा फोटो काढाल, तेव्हा तो आधी तिला दाखवा. तिने स्वतःला ओळखलं, तरच तो भिंतीवर लावा.