रामहरीच्या विहिरीतली हिरवी गार

राहुरीच्या आसपासच्या खडकात गारा, म्हणजे स्फटिकांचे दगड, शोधण्यात नूरुद्दीनचा जन्म गेला होता. कुठं नवी विहीर खणायला घेतली की तो तिथं हजर. काळ्या पाषाणाच्या पोटात पोकळी लागली, तर आतले स्फटिक छिन्नीनं अलगद सोडवायचे, हाच त्याचा धंदा. पण अलीकडं उजवा हात थरथरायला लागला होता. "हा कंप आता वाढतच जाणार," असं नगरच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. ते फक्त त्याच्या लेकीला, अलिझाला ठाऊक होतं.

रामहरीच्या विहिरीत पोकळी लागल्याचा निरोप आला, तेव्हा दुपार कलली होती. विहिरीतला गाळ-दगड वर ओढणाऱ्या यारीच्या पाळण्यात बसून बापलेक खाली उतरले. आत बॅटरीचा उजेड पडला आणि नूरुद्दीन पुढं वाकला. मुठीएवढाले हिरवे स्फटिक, पाण्यासारखे नितळ, पांढऱ्या स्फटिकांच्या पाकळ्यांवर उभे. अशी गार त्यानं कधी पाहिली नव्हती.

"चाचा, उरका!" वरून रामहरी ओरडला. "उजेड हाय तवर सुरुंग उडवायचाय. मला पानी पायजे, दगड न्हाई!"

"अब्बा, मी काढते. कुठं मारायचं तेवढं सांगा." अलिझानं छिन्नीला हात घातला.

"तू बॅटरी धर."

आजवर तिला त्यानं बॅटरीच धरायला लावली होती. काम हातचं जाईल अशी धास्ती होती, की पोरीच्या हातावर भरवसा नव्हता, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

पहिले घाव नेमके बसले. गारेचं मूळ हललं. हात परत आला की काय, असं त्याला क्षणभर वाटलं; छाती भरून आली. तेवढ्यात मनगटानं उसळी खाल्ली आणि छिन्नी थेट झुबक्यात घुसली. हिरवे तुकडे चिखलात सांडले.

त्यानं एक तुकडा उचलून पुसला आणि परत टाकला. मग त्यानं छिन्नी लेकीपुढं धरली. "घे. कडेचं तरी निघतंय का बघ."

अलिझानं जीव ओतून घाव घातले. पण खडक कुठं तुटतो आणि कुठं तडकतो, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. उरलेलंही फुटलं. ती रडायला लागली.

"तुझी चूक न्हाई," तो म्हणाला. तिला जवळ घ्यायला उचललेला हात इतका हलत होता, की त्यानं तो मागं घेतला.

दोघं वर आल्यावर सुरुंग उडाला. धुरळा बसल्यावर रामहरी वाकून वाकून बघत राहिला. ओल नव्हती. तो मटकन खाली बसला.

परतताना अलिझा दुचाकी चालवत होती. "अब्बा, पुढच्या विहिरीला मला आधी शिकवा."

"कोणत्या हातानं शिकवू?" मागून तो म्हणाला. "आता कुठल्या विहिरीचा फोन आला, तर उचलू नको."

"मग करायचं काय आपण?"

नूरुद्दीननं छिन्नीची पिशवी मांडीवर ओढून घेतली. तिनं गाडी घराच्या रस्त्याला वळवली.